चार्ल्स्टनचं जुनं घर ‘मूळ रूपात’ आणायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहरात, आन्सनबरो भागात, १८४० च्या सुमाराचं विटांचं ‘सिंगल हाउस’ तुम्ही घ्यायच्या बेतात आहात. घराला लांबलचक दुमजली पिआझा, म्हणजे घराच्या लांबीला लागून असलेला उघडा व्हरांडा, आहे आणि त्याचा मागचा भाग कुणीतरी बंद करून खोली केली आहे. मागचं स्वयंपाकाचं स्वतंत्र घर नंतर कधीतरी मुख्य घराला जोडलं आहे. बाहेरच्या भिंतींवर लोखंडी चकत्या आहेत, तळमजल्याला ओल आहे. एजंट म्हणतो, नंतरची सगळी भर काढली की घर मूळ रूपात येईल. कंत्राटदार म्हणतो, सिमेंटने पॉइंटिंग करा (म्हणजे विटांचे सांधे नव्याने भरा) आणि तळमजल्याच्या लाकडी जमिनीखालच्या पोकळीत फोम मारा. शिवाय आई-बाबा भारतातून येऊन काही महिने राहतात, त्यांच्यासाठी खाली बाथरूम हवं. यातलं काय ठेवायचं, काय काढायचं?

मी वास्तुविशारद आहे आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अशाच घरांच्या जतनाचं काम करते. माझं मत आधीच सांगते: ‘मूळ काय आणि नंतरचं काय’ अशी विभागणी करून नंतरचं पाडायला निघू नका. प्रत्येक बदल कशासाठी झाला आणि आज तो घराला त्रास देतोय की आधार, हे बघा. तुम्ही सांगितलेल्या गोष्टींपैकी काढण्याजोगं बहुधा फार थोडं निघेल. आणि जे काढावं लागेल ते सव्वाशे वर्षांपूर्वीचं नसेल, गेल्या पन्नास-साठ वर्षांतलं असेल.

फोटोंवरून काही गोष्टी सांगता येत नाहीत, हेही मान्य करते. वीट किती मऊ आहे, तुळयांची टोकं भिंतीत कुजली आहेत का, घर कुठल्या पूरक्षेत्रात येतं, खरेदीखतावर जतनाचं बंधन नोंदलेलं आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. तेव्हा पुढचं वाचताना ‘आपल्या घरात असंच असेल’ असं धरून चालू नका.

सिंगल हाउस म्हणजे रुंदीला एकच खोली असलेलं घर. त्याची अरुंद बाजू रस्त्याकडे असते आणि लांबी आत परसात जाते. प्रत्येक मजल्यावर दोन खोल्या, त्यांच्या मधोमध जिन्याचा चौक. लांबीच्या एका बाजूने पिआझा, बहुतेक वेळा दक्षिणेला किंवा पश्चिमेला. रस्त्यावरचं देखणं दार उघडलं की आपण घरात शिरत नाही, पिआझावर येतो. घराचं खरं दार पिआझाच्या मध्यावर असतं. धुराडी समोरच्या, म्हणजे शेजाऱ्याच्या बागेकडच्या भिंतीत आणि त्या भिंतीला खिडक्या कमी.

ही सगळी रचना हवेसाठी आहे. चार्ल्स्टनचा उन्हाळा आपल्या कोकणातल्या मे महिन्यासारखा घामट, फक्त कितीतरी लांब. खोली एकच रुंद असल्याने वारा एका खिडकीतून येऊन समोरच्या खिडकीतून निघून जातो. पिआझा दुपारचं ऊन भिंतीपर्यंत पोचू देत नाही आणि पाऊस असतानाही खिडक्या उघड्या ठेवता येतात. कोकणातल्या घराची पडवी जे काम करते तेच हे काम आहे, आणि पडवीला काचा लावल्यावर आतल्या खोल्यांचं जे होतं तेच इथेही होतं.

म्हणून पिआझाचं सांगते. मागचा बंद केलेला भाग किती जुना आहे ते आधी ठरवा. शहरात नळ आणि मोऱ्या आल्यावर अनेक घरांनी पिआझाचं मागचं टोक बंद करून तिथे न्हाणीघर काढलं, कारण जुन्या खोल्यांना हात न लावता पाइप नेता येतील अशी ती एकमेव जागा होती. तसं असेल तर तो भाग ठेवा, विशेषतः रस्त्यावरून दिसत नसेल तर. उरलेला पिआझा मात्र बंद करण्याचा विचारही मनात आणू नका. एसी आहे म्हणून सावली नको असं होत नाही. सावली गेली की एसीचा भार वाढतो आणि दक्षिणेची भिंत दिवसभर तापते.

आता चकत्या. ३१ ऑगस्ट १८८६ च्या रात्री इथे मोठा भूकंप झाला. धुराडी कोसळली, त्रिकोणी माथ्याच्या भिंती रस्त्यावर पडल्या, उभ्या राहिलेल्या भिंती बाहेरच्या बाजूला झुकल्या. त्यानंतर घरोघरी मजल्याच्या पातळीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोखंडी सळ्या घातल्या गेल्या आणि बाहेरून चकती व नट लावून आवळल्या. चकत्या कुठे गोल, कुठे चांदणीच्या आकाराच्या, कुठे अधिकाच्या चिन्हासारख्या, आणि ऐपतदार घरांवर सिंहाची तोंडंसुद्धा. पुढच्या भूकंपात त्यांचा किती उपयोग होईल याबद्दल अभियंत्यांना शंका आहे. तरी त्या काढू नका. त्या काढून काही मिळत नाही, भोकं बुजवावी लागतात आणि १८८६ ची खूण पुसली जाते. नट आणखी आवळायला तर कुणालाही देऊ नका; मऊ विटेत चकती रुतते. गंज मात्र तपासा. लोखंड गंजलं की फुगतं आणि आजूबाजूची वीट फोडतं. चकतीभोवती गोल तडा दिसला तर ते काम आधी घ्या.

वय कसं ठरवायचं, असंही तुम्ही विचारलं आहे. माळ्यावर आणि लाकडी जमिनीखालच्या पोकळीत टॉर्च घेऊन जा आणि खिळे बघा. हाताने घडवलेल्या खिळ्याचं डोकं ठोकून चपटं केलेलं, ओबडधोबड असतं. असे खिळे साधारण १८०० पूर्वीचे. पत्र्यातून कापलेला खिळा चौकोनी असतो, दोन बाजू समांतर आणि दोन निमुळत्या. तो एकोणिसाव्या शतकात बराच काळ चालला. तारेचा गोल खिळा दिसला की काम बहुधा १८९० च्या आसपासचं किंवा नंतरचं. लाकडावरच्या करवतीच्या रेघाही बघा. सरळ, एकमेकींना समांतर रेघा जुन्या करवतीच्या. चापासारख्या गोलाकार रेघा गोल पात्याच्या, म्हणजे इथे साधारण शतकाच्या मध्यानंतरच्या. एका खिळ्यावरून निष्कर्ष काढू नका, कारण जुनं लाकूड आणि जुने खिळे सर्रास पुन्हा वापरले जात. दोन-तीन खुणा एकच गोष्ट सांगू लागल्या की मग विश्वास ठेवा.

यासोबत सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्यासाठी केलेले जुने नकाशे मिळवा. हे नकाशे घरागणिक आहेत: विटांचं बांधकाम गुलाबी, लाकडी पिवळं, मजले किती, पिआझा कुठे. चार्ल्स्टनचा १८८४ चा नकाशा भूकंपाच्या आधीचा आणि १९०२ चा नंतरचा. दोन्ही शेजारी ठेवले की मागचं घर कधी जोडलं गेलं हे बहुतेक वेळा तिथेच कळतं. काउंटीच्या दस्त नोंदणी कार्यालयातली जुनी खरेदीखतं त्यानंतर बघा.

तुमच्या भागाबद्दल एक गोष्ट. एप्रिल १८३८ च्या आगीत आन्सनबरोचा मोठा भाग जळाला. पुनर्बांधणीसाठी राज्याने कर्जं दिली, पण विटांनी बांधण्याच्या अटीवर. तुमचं घर १८४० च्या सुमाराचं आणि विटांचं आहे ते योगायोगाने नाही. आतल्या शेकोट्यांच्या चौकटी जाड, साध्या, सरळ रेषांच्या असतील तर त्या त्याच काळच्या ग्रीक वळणाच्या. एखाद्या खोलीत त्याहून नाजूक, कोरीव चौकट आढळली तर ती दुसऱ्या घरातून आणलेली असू शकते. समोरच्या दिवाणखान्यात मोठ्या काचांच्या खिडक्या आणि मागच्या खोलीत छोट्या काचांच्या, असं असेल तर पुढच्या खिडक्या नंतर बदलल्या आहेत, कारण पैसा पाहुण्यांच्या खोलीवर आधी खर्च होतो. त्यांना परत छोट्या काचांचं करण्यात अर्थ नाही. त्या खिडक्याही आता शंभर वर्षांपलीकडच्या आहेत.

अमेरिकेत जतनाच्या कामासाठी केंद्राच्या इंटीरियर खात्याची जी दहा तत्त्वं वापरतात, त्यातलं चौथं नेमकं हेच सांगतं: ज्या बदलांना काळाच्या ओघात स्वतःचं महत्त्व आलं आहे ते राखायचे. याच शहरातली दोन घरं बघून या. हेवर्ड-वॉशिंग्टन हाउस १७७२ चं. पुढे त्याच्या तळमजल्यावर बेकरी थाटली गेली आणि दर्शनी भाग फोडून दुकान झालं. चार्ल्स्टन म्युझियमने १९२९ मध्ये ते घर घेतलं आणि दर्शनी भाग पूर्वीसारखा पुन्हा बांधला. जॉर्ज वॉशिंग्टन १७९१ मध्ये तिथे उतरले होते आणि संग्रहालयाला तोच काळ दाखवायचा होता, म्हणून तो निर्णय समजता येतो. दुसरं, एकन-ऱ्हेट हाउस. ते १८२० च्या सुमारास बांधलं गेलं. विल्यम एकन धाकटे यांनी १८३० च्या दशकात त्याचं प्रवेशद्वारच दुसऱ्या बाजूला नेलं, मोठे दिवाणखाने बांधले आणि १८५० च्या दशकात चित्रांसाठी दालन जोडलं. आज ते हिस्टॉरिक चार्ल्स्टन फाउंडेशनकडे आहे आणि जसं हाती आलं तसंच राखलं आहे. सोललेला वॉलपेपर, उडालेला रंग, सगळं तसंच. त्या घरात फिरताना एक कुटुंब आपलं घर कसं बदलत गेलं ते भिंतीवर वाचता येतं. तुम्ही संग्रहालय चालवणार नाही, राहणार आहात. पण निवड करताना मी दुसऱ्या घराकडे झुकते, कारण एकदा पाडलेला बदल परत आणता येत नाही आणि त्याच्या जागी आपण जे ‘मूळ’ म्हणून बांधतो ते आपल्या काळातलं नवं काम असतं.

ओलीबद्दल सविस्तर लिहिते, कारण या घराचं सर्वांत मोठं नुकसान तुमच्या कंत्राटदाराच्या सल्ल्याने होईल. इथल्या जुन्या विटा हाताने पाडलेल्या, कमी-जास्त भाजलेल्या आणि मऊ. सांध्यात चुना, तोही बऱ्याचदा कालवांच्या शिंपल्या भाजून केलेला. शहर सखल आहे, जमिनीतलं पाणी वर आहे, त्यामुळे भिंतीत थोडी ओल कायम चढत राहते. चुन्याचा सांधा विटेहून मऊ आणि सच्छिद्र असल्याने ती ओल सांध्यातून बाहेर पडते. झीज होते ती चुन्याची, आणि चुना काही दशकांनी पुन्हा भरता येतो. सांध्यात सिमेंट भरलं की ती वाट बंद. ओल विटेतून बाहेर पडू लागते, सोबत आलेले क्षार विटेच्या पृष्ठभागाआड साठतात आणि विटेचे पोपडे सुटतात. सांध्याची सिमेंटची जाळी जशीच्या तशी पुढे आलेली आणि मधली वीट आत खाल्लेली, असं दृश्य या शहरात गल्लोगल्ली दिसतं. वीट गेली की परत येत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा: पन्हाळी तुंबली आहेत का, खाली उतरणारा पाइप भिंतीच्या पायाशीच पाणी सोडतो का, एसीचं ठिबकणारं पाणी कुठे जातं, बागेची माती कालांतराने वर चढून भिंतीला टेकली आहे का. निम्मी ओल अशा कारणांची निघते. मग सांधे तपासा. खिशातल्या चाकूने खरवडून भुकटी पडली तर चुना, ओरखडाही उठला नाही तर सिमेंट. सैल झालेलं सिमेंट हाताने, छिन्नीने काढावं. जे घट्ट बसलंय आणि काढताना विटेची कड फुटेल, ते राहू द्यावं. अरुंद सांध्यात ग्राइंडर चालवणाऱ्या माणसाला काम देऊ नका. नवा चुना सांध्याच्या रुंदीच्या किमान दुप्पट-अडीचपट खोल भरायचा आणि भरल्यावर ओलं गोणपाट लावून हळूहळू सुकू द्यायचा. बाहेरून वॉटरप्रूफ रंग, आतून व्हिनाइलचा वॉलपेपर, हे दोन्ही टाळा.

जमिनीखालच्या फोमचंही तसंच. उन्हाळ्यात बाहेरची हवा दमट आणि वर एसीने गार झालेली लाकडी जमीन, त्यामुळे फळ्यांच्या खालच्या अंगाला दव धरतं, हे खरं आहे आणि कंत्राटदाराची काळजी रास्त आहे. पण तुळयांवर थेट फोम मारला की कूज आणि वाळवी दोन्ही दिसेनाशा होतात. इथे फोर्मोसन जातीची वाळवी आहे, ती फार वेगाने पसरते. आधी जमिनीखालची माती कोरडी करा, एसीचं तापमान फार खाली नेऊ नका, तुळया डोळ्यांना दिसतील अशा मोकळ्या ठेवा. बंदिस्त जागा आणि डिह्युमिडिफायर हा उपाय काही घरांत चालतो, पण तुमच्याकडे भरतीचं पाणी खाली शिरतं का यावर ते ठरेल.

आता ज्या भागाबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलं आहे त्याकडे येते. मागचं स्वयंपाकघर. १८४० मध्ये या शहरात गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीयांची संख्या जास्त होती आणि त्यातले बहुतेक गुलामगिरीत होते. मागच्या इमारतीत खाली मोठी चूल, वर लहान खोल्या, आणि त्या खोल्यांत स्वयंपाक, धुणीभांडी, घोडे सांभाळणारी माणसं राहत. अशा इमारतींच्या खिडक्या बहुतेक वेळा मालकाच्या अंगणाकडेच असतात, मागची भिंत बंद. ती रचना पाळत ठेवण्यासाठी होती. मुख्य घराच्या विटाही बहुधा गुलाम माणसांनीच पाडल्या. वांडो आणि कूपर नद्यांच्या काठच्या मळ्यांवर वीटभट्ट्या होत्या आणि इथल्या विटांवर ओल्या मातीत उमटलेले बोटांचे ठसे सापडतात, काही लहान मुलांचे. तुमच्या भिंतींवर तिरप्या उजेडात शोधा.

एजंट ज्याला ‘नंतरची भर’ म्हणतोय त्यात हा भाग सहज ओढला जाईल, कारण तो आखूड, काळवंडलेला आणि अनेकदा बदललेला आहे. माझ्या दृष्टीने तो तुमच्या घराचा सर्वांत मोलाचा भाग आहे. मालकाचा दिवाणखाना कसा होता हे शहरात पन्नास ठिकाणी बघायला मिळेल. राबणाऱ्यांच्या खोल्या मात्र गॅरेज, स्टुडिओ, पाहुण्यांची खोली करता करता संपत आल्या. तिथलं जुनं प्लास्टर सोलू नका, पांढऱ्या चुन्याचे थर खरवडू नका, चुलीचं तोंड बुजवलेलं असेल तर तसंच राहू द्या. याच शहरात नेथॅनियल रसेल हाउसच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत उंदरांचं घर सापडलं आणि त्यात छापील कागदाचे तुकडे, बटणं, टाचण्या निघाल्या. त्या खोल्यांत राहिलेल्या माणसांच्या हातच्या वस्तू इतक्या थोड्या उरल्या आहेत की अशा कपच्यांनाही मोल आहे. एका दिवसात प्लास्टर उतरवून कचऱ्याच्या डब्यात भरणारा कंत्राटदार हे सगळं घेऊन जातो.

आतल्या कामात कायदाही तुम्हाला अडवणार नाही, म्हणून जोर देऊन सांगते. चार्ल्स्टनने १९३१ मध्ये अमेरिकेतला पहिला ऐतिहासिक विभाग कायद्याने आखला आणि बांधकामावर देखरेख करणारं मंडळ नेमलं. पण फेरफारांच्या बाबतीत ते मंडळ बघतं बाहेरचं, तेही सार्वजनिक रस्त्यावरून दिसेल तेवढं. आतल्या भिंती, चूल, जिना मालकाच्या मर्जीवर. खरेदीखतात आतल्या भागावर बंधन नोंदलेलं असेल तर गोष्ट वेगळी. वकिलाकडून ते आधीच तपासून घ्या.

बाथरूमचं उत्तर यातूनच निघतं. मुख्य घर आणि स्वयंपाकघर यांच्या मधला जोडभाग ही त्यासाठी सर्वांत योग्य जागा. तिथे जुनं प्लास्टर किंवा शेकोट्या नसतात, पाइप बहुधा आधीच आहेत, जमीन उकरावी लागली तरी १८४० च्या भिंतीला धक्का लागत नाही. आई-बाबांना पिआझावरून थेट तिथे जाता येईल. दारातल्या पायऱ्या त्यांना जड जात असतील तर बागेच्या बाजूने पिआझाला लाकडी उतार लावा, स्क्रूने बसवलेला, उद्या काढता येईल असा. जिन्याखालच्या जागेत टॉयलेट कोंबायचा सल्ला कुणी दिला तर नको म्हणा. त्यासाठी चौकातल्या तुळया कापाव्या लागतात.

पैशांचं थोडक्यात. अमेरिकेच्या केंद्र सरकारची २० टक्के करसवलत भाड्याने दिलेल्या किंवा व्यवसायाच्या वास्तूंसाठी आहे, राहत्या घराला नाही. साउथ कॅरोलायना राज्याची सवलत राहत्या ऐतिहासिक घरांना मिळते, पण काम सुरू करण्याआधी मंजुरी घ्यावी लागते, म्हणून खरेदीनंतर लगेच हातोडा उचलू नका. १९७८ पूर्वीच्या घरात शिशाचा रंग असतोच असं धरून चाला. घरात लहान मुलं असतील तर रंग घासण्याचं काम त्यासाठी प्रमाणित माणसांकडूनच करून घ्या.

सौदा पक्का करण्याआधी नेहमीच्या होम इन्स्पेक्टरवर थांबू नका. जुनं दगडी-विटांचं बांधकाम जाणणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि वाळवीचा स्वतंत्र तपासनीस, दोघांना न्या. तुळयांची भिंतीतली टोकं आणि पिआझाच्या खांबांचे पाय त्यांना टोचून बघायला सांगा. आणि तुम्हाला जमलं तर चार फोटो इथे टाका: माळ्यावरचे खिळे, मागच्या स्वयंपाकघराची चूल, जोडभागाची भिंत मुख्य घराला जिथे मिळते तो सांधा, आणि एखाद्या चकतीभोवतीची वीट. सांध्याचा फोटो मिळाला तर बाथरूमसाठी तिथे किती जागा सुरक्षितपणे घेता येईल तेही सांगू शकेन.